जेरी टार्केनियन : नियम मोडणारा आणि नियम लावणारे



आज एका बास्केटबॉल कोचबद्दल बोलायचं आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस एकदम बास्केटबॉलकडे कसा वळला, असं काहींच्या मनात आलं असेल. मी तिथं खेळाच्या वाटेनं गेलो नाही, एका खटल्याच्या वाटेनं गेलो. ‘एनसीएए विरुद्ध टार्केनियन’. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर १९८८ रोजी त्याचा निकाल दिला, पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी. कज्जा एका कोचच्या नोकरीचा होता, पण आतला प्रश्न जुनाच. एखादी संस्था सरकार नाही, पण तिचे नियम पाळल्यावाचून तुम्हाला तुमचा व्यवसायच करता येत नाही. अशा संस्थेनं अन्याय केला तर दाद कुठं मागायची? आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न. दाद मागणारा स्वतः काही धुतल्या तांदळासारखा नसेल, तर त्याच्या तक्रारीचं वजन कमी होतं का?

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे जिमखान्याची एक खोली, वर्षातून एकदा आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि टाळ्या वाजवायला हॉस्टेलमधली पाचपंचवीस मुलं. अमेरिकेत तसं नाही. तिथं कॉलेज बास्केटबॉलचे सामने दहा-पंधरा हजार प्रेक्षक तिकीट काढून बघतात, टीव्हीचे करार होतात, कोचचा पगार कुलगुरूच्या पगाराला मागे टाकतो. हे सगळं ज्या मुलांच्या घामावर चालतं त्यांना मात्र, मी बोलतोय त्या काळात, शिक्षण, राहणं आणि जेवण यापलीकडे काही घ्यायला बंदी होती. एखाद्या हितचिंतकानं कोट घेऊन दिला, आईच्या भेटीसाठी विमानाचं तिकीट काढून दिलं, तरी तो नियमभंग.

हे नियम करणारी आणि राबवणारी संस्था म्हणजे एनसीएए. १९०५ च्या मोसमात फुटबॉल खेळताना अनेक तरुण मेले, त्यावरून गदारोळ झाला आणि १९०६ मध्ये विद्यापीठांनी एकत्र येऊन ही संघटना काढली. तिला खरे दात आले ते १९५० नंतर, वॉल्टर बायर्स नावाच्या गृहस्थांच्या कारकिर्दीत. ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा जोडशब्द याच काळात रूढ झाला. ऐकायला किती सोज्ज्वळ! पण त्याचा जन्म कायद्याच्या गरजेतून झाला. खेळताना जायबंदी झालेल्या मुलांनी, मेलेल्यांच्या विधवांनी कामगार म्हणून नुकसानभरपाई मागायला सुरुवात केली होती. तो कामगार नव्हे, तो आधी विद्यार्थी, असं कोर्टात म्हणता यावं म्हणून हा शब्द. नाव दिलं की वस्तू बदलते, ही समजूत फक्त आपल्याकडच्या सरकारी खात्यांतच आहे असं नाही.

आता आपला माणूस. जेरी टार्केनियनचा जन्म १९३० चा, ओहायो राज्यातल्या युक्लिड गावातला. घर आर्मेनियन. त्याची आई ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलीतून जीव वाचवून लेबनॉनमार्गे अमेरिकेला आलेली. बाप लवकर गेला, कुटुंब कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला आलं. हा मुलगा अभ्यासात यथातथा आणि खेळातही फार मोठा नव्हे. फ्रेस्नो स्टेटमधून रडतखडत पदवी घेतली आणि शाळेत कोच झाला. पुढे रिव्हरसाइड आणि पॅसाडेना इथल्या ज्युनियर कॉलेजांत. हे आपलं अकरावी-बारावीचं ज्युनियर कॉलेज नव्हे, बारावीनंतरचा दोन वर्षांचा स्वस्त कोर्स देणारं कॉलेज. जिथं पैसेवाल्यांची मुलं सहसा जात नाहीत, गुण कमी पडलेली, घरचं बरं नसलेली जातात. तिथं त्यानं १९६४ ते १९६७ सलग चार वर्षं राज्याचं अजिंक्यपद मिळवलं. त्याची पुढची सगळी कारकीर्द या कॉलेजांत शिजलेली आहे. कुणालाही नको असलेला मुलगा खेळू शकतो, हे त्याला इथं कळलं.

टॉवेलची गोष्ट इथंच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी कुणीतरी विचारेलच. शाळेत कोच असताना एका सामन्यात तोंडाला कोरड पडून तो सारखा पाण्याच्या नळाकडे धावत होता. शेवटी टॉवेल ओला करून दातात धरला आणि चघळत बसला. सामना जिंकला. मग काय, जन्मभर दर सामन्यात दातात पांढरा टॉवेल. पाणावलेले डोळे, टक्कल आणि तोंडात टॉवेल, असा त्याचा फोटो अमेरिकेत घराघरात पोचला.

१९६८ मध्ये तो लाँग बीच स्टेटला आला. पाच मोसमांत १२२ विजय, २० पराभव. आकडे बोलके आहेत, पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं दुसरंच. त्या काळी अनेक कॉलेजांत एक अलिखित नियम होता, की सुरुवातीच्या पाचांत तीनपेक्षा जास्त कृष्णवर्णीय खेळाडू नकोत. टार्केनियननं तो धुडकावला. जो चांगला तो खेळणार. दोन वर्षांच्या कॉलेजातली मुलं घेऊ नयेत असाही एक संकेत होता, तोही त्यानं मोडला. तो समाजसुधारक होता असं मी म्हणत नाही. त्याला जिंकायचं होतं. पण जिंकायच्या हावेपोटी का होईना, एक दार उघडलं, आणि ते मोठ्या नामवंत कॉलेजांच्या आधी उघडलं.

आणि मग त्यानं एक उद्योग केला. १९७२-७३ च्या सुमारास तो स्थानिक वर्तमानपत्रात स्तंभ लिहायचा. त्यात त्यानं लिहिलं की एनसीएए वेस्टर्न केंटकीसारख्या लहान कॉलेजांच्या मागे लागते आणि केंटकीसारख्या बड्या धेंडांकडे डोळेझाक करते. पोलिसाच्या हद्दीत राहून पोलिसाबद्दल असं छापायचं म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. १९७४ मध्ये लाँग बीचला शिक्षा झाली आणि आधीच्या राष्ट्रीय स्पर्धांतले विजय कागदावरून पुसले गेले. तोपर्यंत टार्केनियन लास व्हेगासला पोचला होता. स्तंभाचा सूड म्हणून हे सगळं झालं असं तो मरेपर्यंत म्हणत राहिला. सूड सिद्ध करता येत नाही. शिवाय व्हेगासच्या विद्यापीठाची प्राथमिक चौकशी तो तिथं येण्याच्या काही महिने आधीच सुरू झाली होती, ही गोष्ट त्याचे चाहते सोयीस्करपणे विसरतात. पण तो आल्यावर चौकशीचा सगळा रोख त्याच्यावर आला, हेही तितकंच खरं.

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, त्याला एक दाखला आहे. लाँग बीचपासून तासाभराच्या अंतरावर यूसीएलए. तिथले कोच जॉन वुडन, बारा वर्षांत दहा राष्ट्रीय अजिंक्यपदं, अमेरिकेत संतपदाला पोचलेला माणूस. त्यांच्या खेळाडूंभोवती सॅम गिल्बर्ट नावाचा एक श्रीमंत कंत्राटदार वावरायचा. मुलांना वस्तू स्वस्तात मिळवून द्यायचा, अडीअडचण भागवायचा. हे त्या परिसरात बऱ्याच जणांना ठाऊक होतं. वुडन १९७५ ला निवृत्त झाले. यूसीएलएवर कारवाई झाली आणि गिल्बर्टला दूर ठेवण्याचा आदेश निघाला तो १९८१ मध्ये.

लास व्हेगासला तो १९७३ मध्ये आला तेव्हा ते विद्यापीठ जेमतेम पंधरासोळा वर्षांचं, आणि शहराची ओळख म्हणजे जुगार. गावात कुठलाही मोठा व्यावसायिक संघ नाही. चार वर्षांत त्यानं संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत नेला. १९७७ ला अटलांटात नॉर्थ कॅरोलिनाकडून ८४-८३, फक्त एका गुणानं हरले. ‘रनिन रेबेल्स’ हे त्यांचं नाव, आणि खेळही तसाच, धावत सुटलेला. लोकांना आक्रमण दिसायचं, पण टार्केनियनचा जीव बचावात होता. समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, चेंडू हिसकायचा आणि पळायचं.

त्याच वर्षी एनसीएएचा निवाडा आला. विद्यापीठाकडून ३८ नियमभंग, त्यातले १० टार्केनियनचे. संघाला दोन वर्षं प्रोबेशन. शिवाय विद्यापीठाला नोटीस, की टार्केनियनला दोन वर्षं संघापासून दूर करा, नाहीतर आणखी शिक्षा का देऊ नये ते सांगा. इथं नीट लक्ष द्या. एनसीएए स्वतः त्याला निलंबित करत नव्हती. ती विद्यापीठाला सांगत होती की तुम्ही करा.

विद्यापीठ सरकारी. टार्केनियन तिथं कायम नेमणुकीचा प्राध्यापकही होता. म्हणून विद्यापीठानं आपल्या उपाध्यक्षांसमोर सुनावणी घेतली. उपाध्यक्षांनी अध्यक्षांना जो अहवाल दिला, तो मी नीतिशास्त्राच्या वर्गात नेमायला तयार होतो, इतका तो प्रामाणिक आहे. त्यांचा निष्कर्ष असा, की एनसीएएनं पुरावा तपासण्याची आणि बाजू ऐकून घेण्याची जी पद्धत वापरली ती आपण अपेक्षा करू त्यापेक्षा फार खालच्या दर्जाची आहे. चौकशी अधिकाऱ्यानं सांगितलेली आठवण एका बाजूला आणि विद्यापीठानं आणलेला पुरावा दुसऱ्या बाजूला, आणि पारडं आठवणीकडे झुकलेलं. मग ते म्हणतात, आपल्यापुढे तीन वाटा आहेत. आदेश झुगारायचा आणि जास्त कडक शिक्षेचा धोका पत्करायचा. किंवा अंतिम निवाड्याचा अधिकार आपण एनसीएएला देऊन बसलो आहोत हे मान्य करून, ती चुकते आहे असं वाटत असतानाही या माणसाला बाजूला करायचं. किंवा ज्यांचे निर्णय आपल्याला अन्यायाचे वाटतात ते आम्ही अमलात आणणार नाही, असं म्हणून संघटनेतूनच बाहेर पडायचं.

अध्यक्षांनी दुसरी वाट निवडली. तुमच्या-माझ्यातल्या बहुतेकांनी तीच निवडली असती, असा माझा अंदाज आहे. टार्केनियनचा वार्षिक पगार सव्वा लाख डॉलरवरून ५३ हजारांच्या आसपास येणार होता. तो कोर्टात गेला. निलंबन लागू होण्याच्या आदल्या दिवशी नेव्हाडाच्या न्यायालयानं मनाई हुकूम दिला, आणि एनसीएएला ज्याला दोन वर्षं घरी बसवायचं होतं तो माणूस त्यानंतर पंधरा वर्षं त्याच बाकावर टॉवेल चघळत बसला.

कोर्टाचा प्रवास भराभर सांगतो. १९७९ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानं म्हटलं की एनसीएएला पक्षकार केल्याशिवाय हा दावा चालणार नाही. पुन्हा पहिल्यापासून. १९८४ मध्ये निकाल टार्केनियनच्या बाजूनं, १९८७ मध्ये अपिलातही तोच जिंकला. राज्यातल्या कोर्टांचं म्हणणं असं, की सरकारी विद्यापीठाकडून कारवाई करवून घेणारी संस्था सरकारसारखीच वागते आहे, तेव्हा घटनेनं दिलेली रीतसर सुनावणीची हमी तिलाही लागू होते. मग प्रकरण वॉशिंग्टनला गेलं.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी बहुमताचं निकालपत्र लिहिलं. विद्यापीठ ही राज्यसंस्था आहे, यात शंका नाही. पण एनसीएए ही देशभरातल्या साडेनऊशेवर सदस्यांची खाजगी संघटना. तिचे नियम एकट्या नेव्हाडानं केलेले नाहीत. विद्यापीठ तर या प्रकरणात तिच्या विरुद्ध बाजूला उभं होतं, भागीदार नव्हतं. आणि शेवटी, विद्यापीठाला संघटना सोडण्याची मोकळीक होती. पर्याय गोड नव्हता, पण पर्याय होता. म्हणून एनसीएए राज्यसंस्था नाही, आणि घटनेतल्या हमीचा प्रश्नच येत नाही.

चार न्यायमूर्तींचा याला विरोध. विरोधी मत लिहिलं बायरन व्हाइट यांनी. हे गृहस्थ तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे देशभर गाजलेले फुटबॉलपटू, पुढे व्यावसायिक फुटबॉलही खेळलेले. त्या पीठावर कॉलेजचा मोठा खेळ आतून बघितलेला त्यांच्यासारखा दुसरा कुणी नव्हता. त्यांचं म्हणणं, विद्यापीठानं एनसीएएचे नियम मानायचं कबूल केलं, तिची चौकशी मानायची कबूल केली, तिच्या निष्कर्षावरून आपल्या नोकरावर कारवाई केली. ही दोघांनी मिळून केलेली कृती आहे. त्यातला एक सरकार असेल, तर दुसऱ्याला हात झटकता येणार नाहीत.

आता ‘सोडायची मोकळीक होती’ या वाक्याशी मला जरा थांबायचं आहे, कारण हे वाक्य फार जुनं आहे. प्लेटोच्या ‘क्रायटो’ संवादात अथेन्सचे कायदे सॉक्रेटिसला हेच म्हणतात. बाबा रे, सत्तर वर्षं तू इथं राहिलास, पटत नव्हतं तर चंबूगबाळं घेऊन जायला कुणी अडवलं नव्हतं, राहिलास म्हणजे कबूल केलंस. सॉक्रेटिसला ते पटलं आणि तो विष प्यायला. या युक्तिवादाची खरी चिरफाड केली डेव्हिड ह्यूमनं, १७४८ मध्ये. तो म्हणतो, गरीब शेतकऱ्याला ना परकी भाषा येते ना गाठीला पैसा, त्याला देश सोडायची मोकळीक आहे असं म्हणणं म्हणजे काय? झोपेत उचलून जहाजावर आणलेल्या माणसाला तू जहाजावर राहतोस म्हणजे कप्तानाची सत्ता तुला मान्य आहे, असं म्हणण्यासारखं ते आहे. उतरायचं म्हणजे समुद्रात.

एनसीएए सोडून लास व्हेगासचं विद्यापीठ खेळणार कुणाशी? राष्ट्रीय स्पर्धा तिची, टीव्हीवरची मोठी स्पर्धा तिची, समोरचा प्रत्येक तुल्यबळ संघ तिचा सदस्य. सोडायचं म्हणजे उडी मारायची. बरं, ही मोकळीक विद्यापीठाला तरी होती, टार्केनियनला कुठं होती? तो सदस्य नव्हताच. सदस्य त्याचा मालक. आणि मालकाला ‘सोड’ म्हणता येतं म्हणून नोकराला न्याय मिळाला, हे गणित मला कधीच सुटलेलं नाही. बहुमताचा निकाल कायद्याच्या चौकटीत बसतो हे मी मान्य करतो. राज्यसंस्था या शब्दाला कुठंतरी सीमा हवीच, नाहीतर प्रत्येक क्लब सरकार ठरेल. पण सीमा आखताना ‘संमती’ हा शब्द इतका स्वस्त करायला नको होता.

याच न्यायालयानं २००१ मध्ये टेनेसी राज्यातल्या शाळांच्या क्रीडा संघटनेला राज्यसंस्था ठरवलं, तेही पाच विरुद्ध चार मतांनीच. फरक एवढाच, की तिचे सगळे सदस्य एकाच राज्यातले होते. म्हणजे संघटना जितकी मोठी आणि पसरलेली, तितकी ती घटनेच्या हाताबाहेर. हे जरा उफराटंच नाही का? आणि हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. मुंबईत मुख्यालय असलेलं आपलं क्रिकेट नियामक मंडळ घटनेच्या बाराव्या अनुच्छेदातली ‘राज्यसंस्था’ आहे का, यावर २००५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी ‘नाही’ म्हटलं. पण आपल्या न्यायालयानं एक खिडकी उघडी ठेवली. मंडळ राज्यसंस्था नसेल, पण ते सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं, म्हणून उच्च न्यायालयात रिट करता येईल. २०१५ मध्ये ते आणखी स्पष्टपणे सांगितलं. ती खिडकी टार्केनियनला मिळाली नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, जो जास्त अवघड आहे. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ असं आपण म्हणतो. ऐंशीच्या दशकात केंटकीच्या एका प्रकरणावर टार्केनियननं मारलेला टोमणा अगदी याच जातीचा आहे. एनसीएए केंटकीवर इतकी चिडली आहे, की आता ती क्लीव्हलँड स्टेटला आणखी दोन वर्षांची शिक्षा देणार, असं तो म्हणाल्याचं प्रसिद्ध आहे. पण आपल्या म्हणीतला संन्यासी निर्दोष असतो. या संन्याशाच्या झोळीत काही चोरीचा माल सापडला तर?

तो सापडत होताच. १९८६ मध्ये न्यू यॉर्कचा लॉइड डॅनियल्स नावाचा विलक्षण गुणी मुलगा त्यानं आणला. शालेय शिक्षण धड झालेलं नाही, वाचन लहान मुलाइतकं. टार्केनियनचा एक सहायक कोच त्याचा कायदेशीर पालक झाला. फेब्रुवारी १९८७ मध्ये तो कोकेन विकत घेताना पकडला गेला, आणि विद्यापीठाकडून एकही सामना न खेळता गेला. पुढे डॅनियल्सच्या ओळखीतून रिचर्ड पेरी नावाचा माणूस संघाच्या आसपास दिसू लागला. सामने फिरवण्याच्या प्रकरणात शिक्षा झालेला. मे १९९१ मध्ये गावातल्या वर्तमानपत्रानं एक फोटो छापला. संघाचे तीन खेळाडू पेरीच्या घरी गरम पाण्याच्या हौदात बसलेले, हातात बिअर. जुगाराच्या शहरात, सामने फिरवणाऱ्याबरोबर. दोन आठवड्यांच्या आत टार्केनियननं पुढच्या मोसमानंतर पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर फ्रेस्नो स्टेटला, आपल्या जुन्या कॉलेजात, १९९५ ते २००२ कोच होता. तो गेल्यावर उघड झालं की तिथं खेळाडूंचे शोधनिबंध संघाचा आकडेवारी ठेवणारा माणूस पैसे घेऊन लिहून देत होता. यात टार्केनियनचा हात होता असं ठरलं नाही. पण मी वर्गात उभा राहून आयुष्य काढलंय, म्हणून सांगतो, मला या सगळ्यात हे सर्वांत जास्त टोचतं. कोटबूट, विमानाची तिकिटं यांचं मला काही वाटत नाही. पोटाला घालून दिलं तर बिघडलं काय? पण ‘मी या मुलांना शिकायची संधी देतो’ असं म्हणायचं आणि त्यांचे निबंध दुसऱ्यानं लिहायचे, तर संधी कसली दिली? व्हेगासलाही त्याच्या खेळाडूंपैकी पदवी घेऊन बाहेर पडणारे थोडेच होते.

तरीही, निवडक शिक्षेचं काय? एक्स्प्रेसवेचं उदाहरण घ्या. सगळ्याच गाड्या मर्यादेच्या वर धावताहेत, आणि पोलीस रोज एकच गाडी थांबवतो. त्या गाडीवाल्याला दंड झाला तर तो त्याच्या कृत्याचाच दंड आहे. त्याला ‘मी निर्दोष’ म्हणता येणार नाही. कांटच्या वळणाचा माणूस म्हणेल, ज्याची जेवढी चूक तेवढी त्याची शिक्षा, शेजारचा सुटला म्हणून याची माफ कशाला? मान्य. पण मग तो पोलीस वेगाला आळा घालत नाही, एका माणसाला आळा घालतो आहे. आणि ते करायचा अधिकार त्याला नियमानं दिलेला नाही. म्हणजे दंड बरोबर आणि दंड करणारा चूक, अशी स्थिती येऊ शकते. टार्केनियनचे भक्त पहिला भाग नाकारतात, त्याचे टीकाकार दुसरा. मला वाटतं दोन्ही एकाच वेळी धरून ठेवायला हवेत, आणि म्हणूनच त्याच्या सुनावणीचा दर्जा महत्त्वाचा होता. जो स्वच्छ आहे त्याला चांगल्या सुनावणीची गरज कमीच लागते. ज्याचे काही आरोप खरे आणि काही खोटे आहेत, ते वेगळे करायलाच तर सुनावणी असते.

याची खरी किंमत कुणी दिली ते बघा. १९९० च्या २ एप्रिलला डेन्व्हरमध्ये अंतिम सामना झाला. लास व्हेगासनं ड्यूक विद्यापीठाला १०३-७३ असं हरवलं. अंतिम सामन्यात शंभर गुण करणारा हा पहिला संघ, आणि तीस गुणांचा फरकही विक्रमीच. ड्यूक म्हणजे प्रतिष्ठित, महागडं, गोऱ्या उच्चवर्गाचं विद्यापीठ, आणि समोर ज्युनियर कॉलेजातून आलेला लॅरी जॉन्सन आणि त्याचे सोबती. अमेरिकेनं तो सामना कसा बघितला असेल याची कल्पना करा. पुढच्या मोसमात हाच संघ ३४ सामने सलग जिंकला आणि उपान्त्य फेरीत त्याच ड्यूककडून ७९-७७ हरला. त्याच उन्हाळ्यात लॅरी जॉन्सनची व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या क्रमांकानं निवड झाली.

पण मधे काय घडलं? सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हातात आल्यावर एनसीएएनं १९७७ ची शिल्लक वसूल करायला घेतली. जुलै १९९० मध्ये जाहीर केलं की विजेत्या संघाला १९९१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळता येणार नाही. आरडाओरड झाली, मग तडजोड ठरली. १९९१ ला खेळा, १९९२ ला घरी बसा. १९९१-९२ चा संघ २६ सामने जिंकला, फक्त २ हरला, आणि मार्चमध्ये घरी बसला. या मुलांचं वय तेव्हा अठरा ते बावीस. म्हणजे ज्या नियमभंगांसाठी ती शिक्षा होती ते घडले तेव्हा ही मुलं नुकती बोलायला लागली असतील, काहींचा तर जन्मही झाला नसेल. विद्यार्थी-खेळाडूंच्या हितासाठी म्हणून जी संस्था उभी आहे तिनं हे केलं, आणि त्याविरुद्ध त्या मुलांना घटनेत काही आधार नव्हता, कारण संस्था खाजगी. नेव्हाडाच्या विधिमंडळानं १९९१ मध्ये कायदा करून एनसीएएला रीतसर सुनावणीची सक्ती केली. दोन वर्षांनी केंद्रीय अपील न्यायालयानं तो रद्द केला. राष्ट्रव्यापी संघटनेला एका राज्याचा कायदा बांधू शकत नाही, असं कारण.

टार्केनियननं मधे सॅन अँटोनिओ स्पर्स या व्यावसायिक संघाचं काम घेतलं होतं. वीस सामन्यांत नऊ विजय, आणि नारळ. त्या संघात कोण होतं? लॉइड डॅनियल्स. मधल्या काळात तो गोळीबारातून मरता मरता वाचला होता. टार्केनियननं त्याला पुन्हा घेतलं. पहिल्या खेपेला त्या मुलाची भरती स्वार्थापोटी झाली असेल, पण या खेपेला काय होतं ते मला नक्की सांगता येत नाही. माणसाच्या हेतूचा एकच रंग असतो असं समजून चालणाऱ्यांना हा कोच कळणं कठीण आहे.

१९९२ मध्ये त्यानं एनसीएएवर छळाचा दावा लावला होता. १९९८ मध्ये, खटला उभा राहण्याआधी, एनसीएएनं त्याला २५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. चूक कबूल केली नाही, खेद व्यक्त केला. त्याआधी १९९५ मध्ये वॉल्टर बायर्स यांनी, ज्यांनी ही सगळी यंत्रणा उभी केली त्यांनीच, निवृत्तीनंतर पुस्तक लिहून ही व्यवस्था खेळाडूंचं शोषण करते असं सांगितलं होतं. आयुष्यभर राबवलेल्या नियमांबद्दल पदावरून उतरल्यावर सुचणारं शहाणपण आपण इथंही पाहतो.

२०१३ मध्ये टार्केनियनला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. त्याच वर्षी व्हेगासच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. बसलेला, तोंडात टॉवेल. ११ फेब्रुवारी २०१५ ला तो गेला. व्हेगासच्या एकोणीस मोसमांत ५०९ विजय, १०५ पराभव असा त्याचा हिशोब आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, यावेळी नऊ विरुद्ध शून्य मतांनी, खेळाडूंना मिळणाऱ्या शैक्षणिक लाभांवरची एनसीएएची बंधनं मक्तेदारीविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवली. लागलीच खेळाडूंना आपल्या नावावर जाहिराती करून पैसे मिळवायची मुभा मिळाली. आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीप्रमाणे विद्यापीठंच आता खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षासाठी मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. १९७७ मध्ये ज्या कपड्यांवरून आणि तिकिटांवरून चौकश्या व्हायच्या, त्याची रक्कम आज हिशोबात दिसणारसुद्धा नाही. १९८८ चा निकाल मात्र तसाच आहे. एनसीएए अजूनही घटनेच्या दृष्टीनं एक खाजगी क्लबच आहे, आणि तिला धक्का बसला तो न्यायाच्या कलमाखाली नाही, बाजाराच्या कायद्याखाली.

घड्याळ पुढे गेलंय. चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत, त्या घेऊ या.